बग्गी आणि एरंडेल

आमच्या घरी बग्गी आली आहे असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तेव्हा आमच्या संस्कृतच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "अगबाई! मग घोडा कुठं बांधता?"

दोष बाईंचा नव्हे. बग्गी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं वरात उभी राहते. गॅसबत्त्या, बँड, मुंडावळ्या सावरत घामाघूम होऊन बसलेला नवरदेव, नि त्याच्या मांडीवर झोपी गेलेला कुणाचा तरी लहान मुलगा. आमची बग्गी हातभर लांब नि वीतभर रुंद आहे. वजन दीड किलो. चार काटेरी चाकं, त्यांतल्या मागच्या दोहोंना फिरवणारी मोटर, शेपटाशी पंखासारखी एक आडवी पट्टी, नि हे सारं लांबून चालवायला हातात धरायचं एक बिनतारी यंत्र. त्या यंत्राच्या मुठीला बंदुकीसारखा घोडा असतो. तो दाबला की बग्गी पळते. तेव्हा बाईंना सांगायला हरकत नव्हती, की घोडा आहे, पण त्याला बांधावं लागत नाही.

ही बग्गी माझ्या मेव्हण्यानं पुण्याहून पाठवली. त्यानं ती हौसेनं स्वतःसाठी घेतली, अर्धी जोडली, नि हौस फिटल्यावर "भाच्याला खेळायला" म्हणून खोक्यात भरून एस.टी.च्या पार्सलानं आमच्याकडे रवाना केली. हौस फिटलेल्या वस्तू भाच्यांना द्यायची आपल्याकडे जुनी चाल आहे. माझं पहिलं मनगटी घड्याळ असंच आलं होतं. खोक्यातून अर्धी बग्गी, शंभरएक बारीक स्क्रू, चार कोरडे शॉकअप आणि जपानी-इंग्रजी अशी दुभाषी पुस्तिका निघाली.

या खेळण्याचं कुळ तसं मोठं आहे. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मेयर्स नावाच्या गृहस्थानं १९६४ साली फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचं इंजिन नि चाकं घेऊन त्यांवर फायबरग्लासची हलकी काया चढवली आणि ती वाळूच्या टेकड्यांवर पळवली. अशा गाड्यांना तिकडे बग्गी म्हणू लागले. पुढं १९७९ साली जपानातल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीनं तसल्या गाड्यांच्या दहाव्या हिश्शाच्या, बिनतारी यंत्रावर चालणाऱ्या प्रतिकृती काढल्या. १९८४ साली अमेरिकेतल्या असोसिएटेड कंपनीनं अॅल्युमिनियमच्या तळाची, निव्वळ शर्यतीसाठी घडवलेली गाडी बाजारात आणली. त्याच वर्षी तामियानं नवशिक्या पोरांसाठी एक स्वस्त बग्गी काढली आणि तिचं नाव ठेवलं 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा. तिच्या स्प्रिंगांना तेलाची जोड नव्हती, त्यामुळं ती नावाला जागून उड्या मारी. तेलाची ही गोष्ट जरा ध्यानात ठेवावी. पुढं तिच्यावाचून आमचं अडणार आहे.

हा इतिहास खरं म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या तोंडून ऐकायला मिळायचा. पण मला तो स्वतःच शोधून काढावा लागला, कारण त्या दिवसांत चिरंजीव माझ्याशी बोलत नव्हते.

ते असं झालं. मी एका लहानशा खाजगी शाळेत मराठी शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात, पण मला जुना शब्द आवडतो; त्यात थोडा भारदस्तपणा आहे, नि माझ्यापाशी दुसरा भारदस्तपणा नाही. दोन कादंबऱ्या छापून आल्या तेव्हा संस्थेच्या चालकांनी बोलावून घेतलं, तेव्हापासून इथंच आहे. गेल्या वर्षी चिरंजीव सातवीत म्हणजे माझ्याच वर्गात आले. जुलैत मी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध लिहायला दिला. आमच्या गावात मी इतक्या वर्षांत एकही मोर पाहिलेला नाही. पण त्या दिवशी बावीस वह्यांतून बावीस मोर पिसारे फुलवून नाचले. तेविसावी वही आमच्या घरची होती. तीत लिहिलं होतं: "पाऊस आला. आमच्या स्वयंपाकघरात दोन ठिकाणी गळते. आई एका ठिकाणी पातेले ठेवते आणि एका ठिकाणी परात. पातेल्यात टप् आवाज येतो आणि परातीत टण्. बाबा आतल्या खोलीत लिहीत असतात. त्यांना आवाज ऐकू येत नाही."

आपला मुलगा म्हणून आपण त्याला सवलत देतो असं कुणाला वाटू नये, ही मास्तरांच्या मुलांच्या नशिबी आलेली जुनी साडेसाती. मी ती वही हातात घेऊन वर्गात मोठ्यानं वाचली नि म्हणालो, "याला निबंध म्हणायचं की वाण्याची यादी?" वर्ग खूप हसला. दहापैकी तीन गुण दिले.

मी सगळं वाचलं असं मात्र म्हणता येणार नाही. शेवटची दोन वाक्यं मी गाळली. ती गाळल्याचं त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

त्या दिवसापासून घरात मला तीन उत्तरं मिळू लागली: "हो", "नाही" आणि "आईला विचारा". उद्धटपणा म्हणावा तर काही नाही. पाणी मागितलं तर तांब्या पुढं येई. पण तो तांब्या शेजाऱ्याच्या मुलानं आणून दिल्यासारखा येई.

अशा हवामानात बग्गी आली. पंधरा दिवस शाळा सुटल्यावर चिरंजीव ओसरीवर मोबाइल उभा करून त्यातल्या माणसाचं बघत बघत स्क्रू पिळत बसत. मी वर्तमानपत्राआडून पाहत असे. एका रविवारी बग्गी पुरी झाली आणि तिला शाळेच्या मैदानावर नेण्यात आलं. मीही मागून गेलो. फिरायला निघालो होतो, असं माझं अधिकृत म्हणणं आहे.

आमचं मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात गुरांनी तुडवलेलं, नि सप्टेंबरात ते खुरांचे खळगे तसेच्या तसे वाळलेले. बग्गी सुटली ती थुईथुई नाचत. एका खळग्यात गेली की पाच वेळा उसळायची, आणि पाचवी उसळी संपण्याआधी दुसरा खळगा. वळायला सांगितलं की एका अंगावर झोकांडी खाऊन उताणी. चाकं आकाशाकडे गरागरा फिरत आहेत नि चिरंजीव धावत जाऊन तिला सुलटी करीत आहेत, असा देखावा मी पिंपळाखालून वीसएक वेळा पाहिला.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, पोरानं काम ढिलं केलं आहे. मास्तरकीत एवढ्या वर्षांनी माणसाला जगातल्या यच्चयावत दोषांचं एकच कारण दिसू लागतं, ते म्हणजे ढिलाई. त्या रात्री सगळे निजल्यावर मी बारका पेचकस घेऊन बसलो. दिसेल तो स्क्रू आवळला. प्रत्येक स्प्रिंगच्या डोक्याशी प्लॅस्टिकच्या कड्या बसवतात. त्या वाढवल्या की स्प्रिंग वरून दाबली जाते. मी चारी ठिकाणी होत्या नव्हत्या तेवढ्या कड्या घातल्या. गाडी बोटभर उंच झाली. हातानं दाबून पाहिली. चांगली कडक लागली. मी समाधानानं झोपलो.

दुसऱ्या दिवशी बग्गी उलटायला वळणाचीसुद्धा वाट पाहीना. संध्याकाळी चिरंजीवांनी आईला विचारलं, "माझ्या गाडीला कुणी हात लावला?" आईनं माझ्याकडे पाहिलं. बायका अशा वेळी बोलत नाहीत, नुसतं पाहतात.

आमच्या शेजारी एक मिस्त्री राहतात. एस.टी.च्या कार्यशाळेत जन्म काढून निवृत्त झाले आहेत. पाटे, कमानी, शॉकअप हे त्यांचं राज्य. चिरंजीव बग्गी घेऊन त्यांच्या अंगणात गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मधली भिंत कमरेइतकीच आहे.

मिस्त्रींनी चश्मा लावून बग्गी उताणी धरली. आधी चारी शॉकअप काढायला लावले. मग एका चाकाचा हात, म्हणजे चाक नि गाडीचा तळ यांना जोडणारी बिजागरीवरची दांडी, बोटानं वर उचलून सोडून दिला. तो होता तिथंच राहिला.

"हा मेलेला हात आहे," मिस्त्री म्हणाले. "सोडला की आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे. कुणी आवळलंय एवढं?"

चिरंजीव काही बोलले नाहीत. मी भिंतीवरच्या मुंग्या पाहू लागलो. बिजागरीचा एकेक स्क्रू पाव फेरा, अर्धा फेरा सैल झाला, खिळीभोवतीची माती ब्रशानं निघाली, नि मग चारी हात उचलले की टपकन खाली पडू लागले. मिस्त्री म्हणाले, "आधी हे. हे नसलं तर पुढचं सगळं फुकट."

मग त्यांनी माझ्या कड्यांकडे मोर्चा वळवला. "स्प्रिंग दाबून बसवली म्हणजे ती कडक होते असं ज्यानं केलं त्याला वाटलं असणार. नाही व्हायची. हमालाला पाटावर उभा केला तर तो उंच होतो. बळकट होत नाही. गाडी उंच झाली म्हणजे वळताना लवकर कलंडणार. स्प्रिंग कडक पाहिजे तर जाड तारेची दुसरी घालायची. कडी आहे ती फक्त उंची नेमायला."

उंची कशी नेमायची तेही त्यांनी दाखवलं, नि ते इतकं सोपं होतं की मला माझी लाज वाटली. बॅटरी आत बसवायची; रिकाम्या गाडीची उंची मोजण्यात अर्थ नाही, जेवलेल्या माणसाचंच पोट मोजायचं असतं. मग गाडी वीतभर वरून सपाट फरशीवर सोडायची, नि ती जिथं स्थिरावेल तिथं वाकून पाहायचं. हात जमिनीशी समांतर राहिले पाहिजेत, तळ दोन-अडीच सेंटिमीटर वर पाहिजे. एका बाजूच्या कड्या नि दुसऱ्या बाजूच्या कड्या सारख्या. चिरंजीवांनी माझ्या कड्या एकेक करून काढल्या आणि मिस्त्रींच्या अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवल्या. ती ओळ मला अजून दिसते.

"आता सोड," मिस्त्री म्हणाले. बग्गी सोडली. ती चार वेळा उसळली.

"तेल कुठाय?"

तेल नव्हतंच. मेव्हण्याच्या हौसेबरोबर तेलाची बाटलीही कुठं तरी संपली होती, नि शॉकअप तसेच कोरडे बसवले होते. शॉकअप म्हणजे एक बारीक नळी. तीत एक दांडी, दांडीच्या टोकाला भोकं पाडलेली चकती. चाक वर आलं की चकती नळीतून सरकते, आणि नळीत तेल असेल तर त्या तेलाला भोकांतून वाट काढत पलीकडे जावं लागतं. हळू जाऊ पाहील तर ते मुकाट्यानं जातं. घाईनं जाऊ पाहील तर अडवून धरतं. मिस्त्रींच्या भाषेत, "स्प्रिंग ओझं उचलते, तिला आवरायचं काम तेलाचं." तेल नसलं की स्प्रिंग एकदा सुरू झाली ती आपल्या मनानंच थांबायची.

यासाठी लागणारं सिलिकोनचं तेल आमच्या गावात मिळणं शक्य नव्हतं. ते मागवलं, पण यायला अवकाश होता, आणि चिरंजीवांचं वय थांबण्याचं नव्हे. त्यांनी आईच्या शिवणयंत्राचं तेल घातलं. ते इतकं पातळ की असून नसल्यासारखं. शिवाय आठवड्याभरात त्यानं आतली रबराची बारीक कडी फुगली आणि दांडी अडकू लागली. नशिबानं खोक्यात कड्यांचा दुसरा जोड होता.

एके दिवशी जेवताना मी, कुणालाच उद्देशून नाही अशा रीतीनं, म्हणालो, "एरंडेल दाट असतं. पूर्वी मोटारींच्या ब्रेकमध्ये एरंडेल वापरीत असत, कारण त्यानं रबर फुगत नाही."

हे ज्ञान मला कादंबरीसाठी केलेल्या वाचनातून झालं होतं. कादंबरी रखडली, ज्ञान राहिलं. चिरंजीव भात कालवायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण म्हणाले, "किती दाट?"

तीन महिन्यांतला हा पहिला प्रश्न. मी पान सोडून उठलो, फडताळातली एरंडेलाची बाटली काढली, नि चमच्यानं धार धरून दाखवली. बायको म्हणाली, "अहो, उष्टे हात!" पण ते आम्हां दोघांनाही ऐकू आलं नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात एरंडेलानं कमाल केली. बग्गी वीतभर वरून सोडली की एकदा दबायची, एकदा वर यायची, नि मांजरासारखी गप्प बसायची. मैदानावर खळग्यांतून जाताना चाकं खालीवर होत, पण अंग स्थिर. चिरंजीव अजूनही माझ्याशी फारसं बोलत नव्हते, मात्र पिंपळाखाली मी उभा आहे की नाही ते अधूनमधून पाहत.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं, फराळाची ताटं झाली, नि उजाडता उजाडता चिरंजीव नवा सदरा घालून बग्गी घेऊन निघाले. वर्गातल्या मुलांना बग्गी दाखवायचं आधीच ठरलं होतं. गारठा चांगलाच होता. मैदानावर सातवीतली पंधरा-सोळा मुलं स्वेटरांत हात खुपसून उभी होती. मी पिंपळाखाली.

बग्गी सुटली आणि पहिल्याच खळग्यात ताठ लाकडासारखी टणकन उडाली. चाकं जागची हलेनात. जे चाक एकदा दबलं ते पुन्हा खाली यायला तयार नाही. दगडावरून दगडावर टिपऱ्या खेळल्यासारखी ती गेली, आणि वळणावर उताणी झाली. सुलटी केली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती उताणी पडून चाकं फिरवू लागली, तेव्हा मुलं हसली.

ते हसू मी ओळखलं. तीच मुलं, तोच आवाज. जुलैत मी ते वर्गाच्या पुढल्या बाजूनं ऐकलं होतं. आज मागून ऐकत होतो. चिरंजीव गाडीपाशी उकिडवे बसले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. कारण काय ते माझ्या तत्काळ ध्यानात आलं. एरंडेल उन्हात जेवढं दाट असतं त्याच्या कितीतरी पट ते थंडीत होतं. तीस अंशांवरचं तेल दहा अंशांपर्यंत उतरलं की पाचपट घट्ट. दुपारी ज्या भोकांतून ते निमूट जात होतं तिथं आता अडून बसलं होतं. मुलाच्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

मी मैदानाच्या मध्यभागी गेलो. माझं धोतर नव्हे, साधी पँटच, पण पायांत काही तरी अडकतं आहे असं वाटत होतं. मी म्हणालो, "तेल मी घालायला सांगितलं होतं. ते थंडीत घट्ट होतं हे मला कळायला पाहिजे होतं. गाडी त्यानं जोडली आहे आणि ती उत्तम जोडली आहे. हसायचं असेल तर मला हसा."

मास्तर 'मला हसा' म्हणाले की मुलं हसत नाहीत, ही एक अडचणच आहे. पण एका धीट पोरानं विचारलं, "सर, तेल कुठलं?"

"एरंडेल."

मग ती पोरं हसली, अशी हसली की पिंपळावरचे कावळे उडाले. आणि काही वेळानं मला दिसलं, की उकिडव्या बसलेल्या चिरंजीवांचे खांदेही हलत आहेत.

घरी परतताना वाटेत मी म्हणालो, "त्या निबंधातली शेवटची दोन वाक्यं मी वाचली नव्हती."

"माहीत आहे," तो म्हणाला. जरा चालल्यावर म्हणाला, "परातीचं वाचलंत ना, तेव्हा मला वाटलं पुढचंही वाचणार."

एवढंच. पुढं आम्ही शॉकअप बंबाच्या उबेशी ठेवले, ते सैल झाले, दुपारी बग्गी पुन्हा मांजरासारखी चालली. पाडव्याला मी शिडी लावून स्वयंपाकघरावरची तीन कौलं बदलली. तो खालून एकेक कौल देत होता. हिनं परात आणि पातेलं घासून फडताळात ठेवलं, आणि काही बोलली नाही, नुसतं पाहिलं.

सिलिकोनचं तेल तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आलं. थंडीउन्हाचा त्याच्यावर परिणाम होतो, पण एरंडेलासारखा नाही. त्याच्या बाटल्यांवर दाटपणाचे आकडे असतात. त्यातही एक मेख आहे: 'वेट' म्हणून जो आकडा छापतात तो या कंपनीचा निराळा नि त्या कंपनीचा निराळा, सेंटिस्टोकचा आकडा पाहून घ्यावा. आम्ही पुढं ४०० नि मागं ३०० घातलं. हे काम दोघांचं आहे. नळी उभी धरायची, काठोकाठ तेल भरायचं, नि दांडी अगदी हळू वरखाली करायची, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. मग झाकण न लावता स्वस्थ बसायचं. नवशिके इथंच घाई करतात. एक बुडबुडा आत राहिला तरी दांडी पोकळ चालते. आम्ही ओसरीवर चार नळ्या भांड्यातल्या तांदळात खोवून उभ्या केल्या होत्या, नि बुडबुडे फुटायची वाट पाहत अर्धा तास बसलो होतो. त्या अर्ध्या तासात त्यानं मला बरंच सांगितलं. त्यातलं पुष्कळ बग्गीविषयी नव्हतं.

झाकण लावल्यावर डाव्या-उजव्या शॉकअपची टोकं एकमेकांना टेकवून दोन्ही एकदम दाबून पाहायची. जो आधी हार खातो त्यात हवा आहे, किंवा तेल कमी आहे. तो पुन्हा उघडायचा.

यानंतरचं शास्त्र म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची नि मैदानाला विचारायचं. वळायला सांगितलं तरी गाडी नाकासमोर जाते? पुढची स्प्रिंग थोडी नरम घाला. शेपूट फेकते? मागची नरम घाला, किंवा मागच्या शॉकअपचं वरचं टोक एक भोक आत सरकवा. शॉकअप जितका निजेल तितका तो नरम लागतो, उभा केला की कडक. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि चाकांचे काटे झिजले असतील तर आधी चाकं बदलावीत; नाही तर हा सगळा खटाटोप म्हणजे फाटक्या जोड्याला पॉलिश.

हे सर्व तो एका वहीत लिहून ठेवी. जानेवारीत एकदा तो मैदानावर असताना ती वही ओसरीवर राहिली होती. मी मैदानावर जाऊन विचारलं, "पाहू का?" तो म्हणाला, "मागून उघडा."

वही मराठी निबंधाची होती. पुढच्या बाजूला तिसऱ्या पानावर माझ्या लाल शाईतले ते तीन गुण. मागच्या बाजूनं बग्गी सुरू होत होती. "मागचे शॉकअप एक भोक आत घेतले. वळणावर शेपूट कमी फिरते. उडीनंतर पोट जरा टेकते. तसेच ठेवले." दुसऱ्या दिवशी: "सकाळी गार. तेल तेच. गाडी कडक वाटते. दुपारी पुन्हा चालवली. ठीक." पानामागून पान असं. एकही विशेषण उधार आणलेलं नाही, नि कुठंही मोर नाही. जे झालं ते, ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं. 'स्प्रिंग'मधली वेलांटी त्यानं सर्वत्र दीर्घ काढली होती. सवयीनं माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला, नि तिथंच राहिला.

किल्ल्याची माती अजून मैदानाच्या कडेला पडली होती. मुलांनी तिचा उतार करून उडीची जागा केली होती. त्या दिवशी त्यानं बिनतारी यंत्र माझ्या हाती दिलं. चालवायच्या आधी नीट समजावून सांगितलं, की हवेत असताना घोडा दाबून धरला तर नाक वर जातं, ब्रेक लावला तर नाक खाली येतं. तेव्हा, बाबा, काही झालं तरी हवेत ब्रेक लावू नका. मी "हो" म्हणालो. बग्गी उतारावरून सुटली, हवेत गेली, नि ती इतकी उंच जाईल अशी माझी कल्पना नव्हती.

रात्री वही ओसरीवर उघडीच होती. शेवटची नोंद ताजी होती:

"बाबांनी चालवली. हवेत ब्रेक लावला. उलटली. दोष गाडीचा नाही. उद्या पुन्हा देणे."